गादीवाल्याच्या मुलीची मान

३ जानेवारी, सोमवार

आज शेवटच्या वर्षाच्या रचनेचे नियम सांगितले. प्रत्येकाने स्वतःची एक नृत्यरचना बसवायची, साधारण पाव तासाची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती सगळ्यांसमोर होईल आणि नंतर तिथेच परीक्षक प्रश्न विचारतील. परीक्षकांनी रचना नापास केली तर पदवी नाही, आणि पुन्हा संधीही नाही.

घरी सांगितलं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे छापलेलं काहीही घरात आलं की ते माझ्यापुढे ठेवतात, अगदी खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा. आई लगेच गल्लीत जाऊन पदवी पुढच्या महिन्यात येणार असं सांगून आली, जसं काही ती पार्सलने येणार आहे. बाबांचं गाद्यांचं दुकान आहे. ते आणि काका मिळून कापूस पिंजतात, खोळीत भरतात, दाभणाने टाके घालतात. आमचं घर दुकानाच्या मागच्या खोल्यांत. बाबांनी विचारलं, नाच तपासतात कसा, गादी निदान दाबून बघता येते. मी म्हटलं, परीक्षक समोर बसून बघतात.

"नुसतं बघतात? मग वरून गुबगुबीत दिसणारी गादीसुद्धा पास होईल," बाबा म्हणाले.

काकांनी तेवढ्यात गल्ल्याशेजारची जागा झाडून तिथे एक स्टूल आणून ठेवलं. मी नापास झाले तर बसायला. तसं ते बोलले नाहीत, पण स्टुलाची उंची माझ्या मापाची होती.

माझा नियम ठरला आहे: रचनेत एकही हालचाल कारणाशिवाय नसेल. आतापर्यंत वर्गात मी शेकडो वेळा हात वर केला, आणि तो का वर केला हे मला एकदाही सांगता आलं नसतं. (एकदा आलं असतं. तेव्हा बाहीवर झुरळ होतं.)

५ जानेवारी, बुधवार

पहिली तालीम. मला तीन नर्तक मिळाले आहेत. लंबू, जो दारातून येताना सवयीने वाकतो, दार कितीही उंच असलं तरी. मुंगी, जी सतत काहीतरी खात असते. आणि बाईसाहेब, जिला हे नाव तिच्या आजीने ठेवलं आणि तिने ते मनावर घेतलं.

मी त्यांना नियम सांगितला. बाईसाहेबने हात पुढे केला. मी विचारलं, का केलास? ती म्हणाली, तू 'सुरू करा' म्हणालीस म्हणून. मी म्हटलं, हे कारण माझं झालं, तुझं नाही. तिने हात खाली घेतला. लंबू एका पायावर उभा राहिला. मी विचारलं, का? त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि दुसरा पायही टेकवला. मग उभं तरी का राहायचं, हा प्रश्न निघाला. तालीम संपली तेव्हा तिघं भिंतीला टेकून बसले होते. मध्येच मुंगी उठून घाईघाईने बाहेर गेली आणि पाच मिनिटांनी परत आली. दिवसभरातली ती एकच सकारण हालचाल. ती रचनेत घ्यावी का, याचा मी अजून विचार करते आहे.

८ जानेवारी, शनिवार

मोठ्या बाई तालीम बघायला आल्या. त्या आमच्या मार्गदर्शक, आणि कोणाची रचना सादर होऊ द्यायची हे त्याच ठरवतात. माझे तिघं नर्तक पाव तास बसले. मुंगीने एकदा जांभई दिली, ती सकारण होती.

बाईंनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, "प्रामाणिक आहे. पण प्रामाणिक तर खुर्चीसुद्धा असते."

पुढच्या शनिवारपर्यंत रचनेत जीव दिसला नाही तर माझं नाव सादरीकरणातून काढणार. म्हणजे परीक्षकांपर्यंत जायच्या आधीच सगळं संपलं. घरी येताना दुकानातून आत शिरले तर त्या स्टुलावर काकांनी एक छोटी गादी शिवून घातली होती. काका मुळात प्रेमळ आहेत. म्हणूनच ते स्टूल मला बघवत नाही.

१० जानेवारी, सोमवार

सकाळी उठले आणि मान वळेना. डावीकडे कलली ती तिथेच राहिली. आईला हाक मारायला गेले तर तोंडातून हाकेऐवजी 'स्स्' असा आवाज आला.

आईने तेल गरम करायला ठेवलं. बाबा मात्र आधी दाराकडे धावले आणि दुकानाकडचा पडदा ओढला. गादीवाल्याच्या मुलीची मान अवघडलेली कोणी पाहिली तर धंद्याचं काय होईल, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मला पटला. शिवाय एका मोठ्या वसतिगृहाचे व्यवस्थापक सगळ्या खाटांसाठी नव्या गाद्या करून घ्यायच्या विचारात आहेत आणि रोज येऊन नमुने दाबून बघतात. इतकं मोठं काम दुकानाला कधीच मिळालेलं नाही. बाबांनी माझी गादी उलटसुलट केली, हुंगली, चार ठिकाणी गुडघा रोवून पाहिला. शेवटी म्हणाले, उशीमुळे झालं असणार. उशा आपण करत नाही, त्या बाहेरून येतात. मी उशी घेतच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आईने माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि मला मागच्या बोळातून बाहेर काढलं.

तालमीत काही तरी करून दाखवणं भाग होतं. मी साधी गोष्ट घेतली: दारातून आत यायचं, खिडकीपाशी जायचं, बाहेर बघायचं, कोणीतरी हाक मारली म्हणून वळायचं. मान वळत नसल्यामुळे मला पायांपासून अख्खं वळावं लागलं, कपाट वळवतात तसं. खाली बघायला कमरेतून वाकावं लागलं. आणि वाकताना 'स्स्'.

मग त्यांना करायला सांगितलं आणि आरशात बघितलं. तिघांच्या माना डावीकडे कललेल्या. तिघं कपाटासारखे वळत होते. मला वाटलं माझी टिंगल करतायत. पण त्यांचे चेहरे इतके गंभीर होते की असा विचार केल्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. बाईसाहेबच्या तर डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ओठ घट्ट मिटून धरले होते. ती भूमिकेत फार लवकर शिरते.

लंबूने विचारलं, "तो 'स्स्' मोजणीत धरायचा की मोजणीबाहेर?"

मी म्हटलं, मोजणीत.

मी हे का म्हटलं? खरं सांगायला हवं होतं. पण ते तिघं उभे होते. पहिल्यांदाच उभे होते. माझी हिंमत झाली नाही.

१२ जानेवारी, बुधवार

मान तशीच. आज डावं-उजवं यावर अर्धी तालीम गेली. मी त्यांच्यासमोर तोंड करून दाखवते, म्हणून बाईसाहेब म्हणते की आरशासारखं करायचं, म्हणजे उजवीकडे कलायचं. मुंगी म्हणते, जी मान तिची डावी ती आपली डावी. लंबूने विचारलं की मुळात डावीकडेच का, आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही, ते आपल्या हातात थोडंच असतं." फार समजूतदार आहे.

शेवटी बाईसाहेब उजवीकडे कलते, बाकी दोघं डावीकडे. रचनेत त्यामुळे एक वाद तयार झाला आहे असं वाटतं. एकमेकांकडे बघायचं तर दोघांनाही अख्खं वळावं लागतं, आणि वळून होईपर्यंत दुसरा निघून गेलेला असतो. हे मी ठरवलं नव्हतं. पण मी त्यांना ते पुन्हा करायला सांगितलं.

घरी बाबांनी माझी गादी काढून घेतली आणि दुसरी, नवीकोरी घातली. जुनी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी केली आहे, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखी.

१५ जानेवारी, शनिवार

मोठ्या बाई आल्या. रचना संपल्यावर त्या खुर्चीतून उठल्या, तालीमखोलीत एक फेरी मारली आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"ही मान कुठून आणलीस?"

"घरातून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि माझं नाव यादीत ठेवलं. 'घरातून' हे खोटं नव्हतं. पण ते पूर्ण खरंही नव्हतं, आणि ज्या रचनेत एकही हालचाल कारणाशिवाय नाही असं मी लिहून दिलं आहे, तिच्यातली सगळ्यात मुख्य हालचाल गादीमुळे आली आहे. परत येताना रस्ताभर मला वाटत होतं की मी कोणाच्या तरी खिशात हात घातला आहे. आनंदही होत होता. दोन्ही एकदम होत होतं.

१७ जानेवारी, सोमवार

अनर्थ. मान सुटली.

सकाळी उठले तर ती दोन्हीकडे वळत होती, खालीवर होत होती. आई देवाचे आभार मानत होती आणि मी गादीवर बसून रडण्याच्या बेतात होते. बाबांनी नव्या गादीवर दोनदा थाप मारली आणि ते काकांना मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघ, ही मी भरली होती." काका म्हणाले, हो ना, आणि जुनी तर कापसाने आपली आपणच भरून घेतली होती, मी नुसता हात लावला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त धंद्याचं बोलतात.

तालमीत मला काही करून दाखवता येईना. मी मान कलवली तर मुंगी म्हणाली, "एवढी नव्हती गं. थोडी दुखल्या... दिसल्यासारखी हवी." तिची जीभ नेहमीच घसरते, तोंडात काही ना काही असतं. बाईसाहेबने करून दाखवली. तिची माझ्यापेक्षा चांगली आहे. शेवटी लंबूने दोन बोटांनी माझी हनुवटी धरून मान जागेवर आणली. त्याला कोन चटकन सापडत नव्हता, म्हणून बराच वेळ लागला. मुंगीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, पण ती हालचाल रचनेत नाही. मी तिला तसं सांगितलं.

संध्याकाळी बाबांना विचारलं, आपल्याकडे एखादी वाईट गादी आहे का? बाबांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता, शत्रूनेही नाही. जेवताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग काका हळूच येऊन म्हणाले, वाईट नाही, पण दुकानाच्या माळ्यावर एक जरा अवघड स्वभावाची आहे. मी लगेच तिच्यावर तासभर झोपून पाहिलं. मान ताठ सरळ. उठल्यावर फक्त पाय दुखत होता, आणि पायाचं मला काही करता येणार नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार

राहवलं नाही. मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. गादी, मफलर, 'स्स्', माळ्यावरचा प्रयोग. बोलताना मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बाईंनी आधी ती सोडवली.

त्यांना धक्का बसला नाही. त्या म्हणाल्या, हे मला सांगून काय उपयोग, परीक्षकांना सांग. ते पहिला प्रश्न हाच विचारतात, मुख्य हालचाल कुठून आली. मागे एकाने दुसरीकडून उचललेली गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली होती, पकडला गेला, तो आज इथे नाही. खरं सांगणाऱ्याला कोणी कधी पाडलेलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा पिसासारखी हलकी झाले होते. घरी पोहोचेपर्यंत तशीच होते.

घरी बाबांनी अबोला सोडला होता. त्यांनी जाहीर केलं की सादरीकरणाच्या दिवशी दुकान बंद राहणार, आणि आई, काका, ते, सगळे येणार. शिवाय त्यांनी वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनाही बोलावलं आहे. माझी मुलगी शिकलेली आहे हे त्यांनी बघायला हवं, म्हणजे कुठल्या घरातून गाद्या घेतोय ते कळेल, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे मी भर सभागृहात, त्या व्यवस्थापकांसमोर सांगायचं की आमच्या दुकानातल्या गादीने माझी मान अवघडली. नाही सांगितलं तर ती चोरी. सांगितलं तर मी माझ्याच बापाचं दुकान बुडवलं.

२५ जानेवारी, मंगळवार

खरं असेल पण कोणाला लागणार नाही असं उत्तर शोधते आहे.

'ही मान शरीराच्या विश्रांतीशी असलेल्या नात्यातून आली.' खरं आहे, पण ऐकताना मलाच लाज वाटली.

'ही मान एका सकाळी आली.' हेही खरं. पण परीक्षक विचारतील, कशी?

'उशी.' हे खोटं. शिवाय उशीवाल्यालाही पोरंबाळं असतील.

तालमीनंतर मी बाईसाहेबला परीक्षक व्हायला सांगितलं. ती लगेच खुर्चीत पायावर पाय टाकून बसली आणि तिने मला असे प्रश्न विचारले की मला घाम फुटला. लंबू भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "सरळ सांग ना, मान अवघडली होती म्हणून."

मी दचकलेच. त्याला कसं कळलं? तो म्हणाला, असंच, अंदाज. मुंगीला जोराचा ठसका लागला आणि बाईसाहेब तिची पाठ थोपटायला तिला बाहेर घेऊन गेली. दोघी बराच वेळ आल्या नाहीत. लंबूची कल्पनाशक्ती चांगली आहे. त्याने रचना बसवायला हवी होती, मी नाही.

२९ जानेवारी, शनिवार

आई खोळी शिवत होती, मी तिला दोरा ओवून देत होते. ती नजर न उचलता म्हणाली, तुला काय खुपतंय? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काही नसतं तर तू एकच सुई तिसऱ्यांदा ओवली नसतीस.

मी सांगितलं. तिने दोरा दाताने तोडला. एवढंच म्हणाली की बाबांना आधी सांग. मी म्हटलं, त्यांना वाईट वाटेल. ती म्हणाली, वाटू दे की, ते काय काचेचे आहेत?

मी सांगणार होते. पण दुकानात व्यवस्थापक आलेले होते, आणि बाबा त्यांना सांगत होते की या घरात आजपर्यंत कोणाची पाठ दुखलेली नाही. पाठ म्हणाले, मान नाही. तेवढ्यापुरतं ते खरं होतं. मी परत आत आले.

१ फेब्रुवारी, मंगळवार

अजून सांगितलेलं नाही. रचना मात्र झाली आहे. आज पहिल्यांदा मी ती बघताना चुका शोधायला विसरले. तिघं खिडकीपाशी येतात, कोणीतरी हाक मारतं, तिघं अख्खे वळतात आणि तिथे कोणीच नसतं. मग तिघं एकदम 'स्स्'. मला वाटलं होतं इथे लोक हसतील. बघायला आलेली वर्गातली एक मुलगी हसली आणि मग एकदम गप्प झाली.

५ फेब्रुवारी, शनिवार

काल झालं. काल लिहिण्यासारखी अवस्था नव्हती.

सभागृह भरलं होतं. आमचं घर तिसऱ्या रांगेत: बाबा, आई, काका, आणि काकांच्या पलीकडे व्यवस्थापक, इस्त्रीच्या शर्टात. रचना नीट झाली. 'नीट' हा शब्द कमी पडतो, पण मोठा शब्द वापरायची मला भीती वाटते. टाळ्या थांबल्यावर मला रंगमंचावर बोलावलं. मधल्या परीक्षकबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "ही मान कुठून आली?"

मी पाठ केलेली उत्तरं सगळी होती. एकही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "मी सकाळी उठले तेव्हा मान अवघडली होती. मी नर्तकांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं तीच हालचाल आहे, आणि मी वाटू दिलं." मागे, पडद्याच्या कडेला, तिघं उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

परीक्षकबाईंनी विचारलं, कशामुळे अवघडली?

"गादीमुळे," मी म्हटलं. आणि अर्धं सोडलं तर ते खोटंच राहील म्हणून पुढे म्हटलं, "आमच्या दुकानातली गादी होती. माझे वडील गाद्या करतात."

व्यवस्थापक काकांना ओलांडून बाबांकडे बघत होते. मग बाबा उभे राहिले. मला वाटलं, निघाले. पण ते तिथूनच, दुकानात विचारतात त्या आवाजात म्हणाले, "कोणती? पुढच्या खोलीतली की मागच्या?"

"मागच्या," मी म्हटलं.

"मग ती माझी नाही," बाबा व्यवस्थापकांना म्हणाले. "ती ह्याने भरली होती."

काकाही उभे राहिले. भरली त्यांनी असेल, पण टाके कोणी घातले, असं त्यांनी विचारलं. टाके घट्ट पडले की कापूस एका बाजूला सरकतो, हे कोणालाही विचारा. बाबांनी विचारलं, कापूस पिंजताना लक्ष कुठे होतं. आई दोघांच्या मध्ये बसली होती आणि दोन्ही हातांनी दोघांचे सदरे खाली ओढत होती. परीक्षक भराभर काहीतरी लिहीत होते. मला कळेना ते काय लिहितायत, मग कळलं. मी पुढे होऊन म्हटलं, "माफ करा, हा रचनेचा भाग नाही."

"ते आम्ही ठरवू," परीक्षकबाई म्हणाल्या.

मी पास झाले.

मागे जाऊन तिघांची माफी मागितली. बाईसाहेब म्हणाली, कशाबद्दल? मुंगी म्हणाली, अगं, तेलाचा वास पार दारापर्यंत येत होता. मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. मी विचारलं, पहिल्या दिवसापासून? लंबू म्हणाला, "दुसऱ्या. पहिल्या दिवशी मला वाटलं तू रागावली आहेस."

मग इतके दिवस का केलं, हे मी विचारलं. बाईसाहेब म्हणाली की सुरुवातीला गंमत म्हणून. पुढचं तिने सांगितलं नाही, आणि कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी बाबा दुकानातून आत गेले आणि काका मागच्या बोळातून. व्यवस्थापक सभागृहातूनच परस्पर गेले होते.

६ फेब्रुवारी, रविवार

हे दुकानात बसून लिहिते आहे, त्या स्टुलावर. दुसरीकडे जागा नाही.

सकाळी मी उठले तेव्हा बाबांनी ती गादी दुकानाच्या मधोमध आणून टाकली होती आणि एका बाजूचे टाके उसवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, टोक धर. मी धरलं. बराच वेळ ते कापसात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते.

"सगळ्यांसमोर सांगायच्या आधी मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि सगळ्यांसमोर सांगितल्यावर मला बरं वाटेल, असं वाटलं?"

मी बाईंना सांगितलं, आईला सांगितलं, बाईसाहेबला परीक्षक बनवून तिच्यासमोर सराव केला. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर मात्र मी फक्त मफलर बांधून फिरले. मी म्हटलं, चुकलं. बाबा हं म्हणाले आणि दुसऱ्या हाताने चाचपायला लागले.

कापसात काही सापडलं नाही. गाठ नाही, खड्डा नाही. काका दारात उभे होते. बाबांना ते कबूल करणं जड गेलं, पण त्यांनी केलं: भरणी चांगली आहे. काका म्हणाले, टाकेही वाईट नाहीत. मग दोघं एकदम माझ्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. नमुने परत करायला आलो, असं म्हणाले, पण नमुने त्यांच्या हातात नव्हते. त्यांनी विचारलं, ती हीच का? बाबा म्हणाले, हीच. आणि माझ्या शब्दावर जाऊ नका, मी दुकानदार आहे. मी हिच्यावर झोपतो, मग बघा. काका म्हणाले, भरली मी, झोपणार मी. बाबा म्हणाले, "तू मुद्दाम सरळ उठशील." त्यावर काकांना काही बोलता येईना, कारण ते उठले असते.

"आणि तुम्ही मुद्दाम सरळ उठलात तर?" व्यवस्थापकांनी विचारलं.

बाबांनी दोरा तोडला, उसवलेली बाजू बंद केली, चपला काढल्या. मग माझ्याकडे बोट केलं.

"ही सांगेल. परवा तुम्ही ऐकलंय ना हिला?"

दुकानाचं दार उघडंच ठेवलं आहे. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून विचारतात, काय झालं, आणि काका प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून सांगतात की तपासणी चालू आहे. आई व्यवस्थापकांसाठी खुर्ची घेऊन आली, पण ते उभेच आहेत. बाबांना झोप लागेल असं मला वाटलं नव्हतं, पण लागली आहे. मान कलली आहे. डावीकडे की माझ्याकडून डावीकडे, ते इथून ठरवता येत नाही. झोपेत कोणाचीही कलतेच. उठल्यावर काय होतं ते खरं.

मला त्यांची मान सरळ हवी आहे. इतकी मला माझी पदवीही नको होती. हे लिहून ठेवते, कारण थोड्या वेळाने मला फक्त जे दिसेल तेच सांगायचं आहे, यातलं काही त्यात मिसळायला नको.

बाबांनी कूस बदलली. काकांनी श्वास रोखला आहे. वही मिटते.